गोळी आणि माया: ‘देवराई’ ते ‘कासव’

आज भुईगावात मी दोन सिनेमांविषयी बोलणार आहे, पण प्रश्न सिनेमाबाहेरचा आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ साली आला. त्यातल्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे. उपचार आणि बहिणीची साथ यांच्या आधारे तो सावरू लागतो. पुढे आला ‘कासव’. त्याला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. जगण्यातून मन उठलेल्या मानवला जानकी घरी आणते आणि प्रश्नांचा भडिमार न करता वेळ देते.

हे पाहून आपण सोयीचे दोन निष्कर्ष काढतो. एक, गोळी दिली की माणूस ताळ्यावर येतो. दोन, माया लावली की गोळी लागत नाही. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारापुढे दोन्ही अपुरे पडतात.

आपल्याला सोडून जातील ही सततची धास्ती, आज देव वाटणारा माणूस उद्या वैरी वाटणं, संताप, स्वतःला इजा करणं, असं त्याचं रूप. खास त्यासाठी अमेरिकेच्या एफडीएनं एकही औषध मंजूर केलेलं नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं २००९मध्ये सांगितलं, की केवळ या विकारासाठी औषधं वापरू नयेत. संकटकाळी शामक गोळी दिलीच तर आठवड्याहून जास्त नको. सोबत नैराश्यासारखा दुसरा आजार असेल, तर त्याचं औषध अर्थात देता येतं.

मग उपाय काय? मार्शा लिनेहान यांनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी उभी केली. भावना उसळली की काय करायचं, हे तिथे दर आठवड्याला शिकवतात, सराव करून घेतात. आपण स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११मध्ये जाहीरपणे सांगितलं.

‘कासव’बद्दल माझी तक्रार इथेच आहे. जानकीपाशी घर आहे, सवड आहे, हाताशी माणसं आहेत. पहाटेची विरार लोकल पकडणाऱ्या आईपाशी नुसती माया असते. तिला हवा परवडणारा, प्रशिक्षित थेरपिस्ट. तो मिळत नाही, मग चिठ्ठीवर एकेक गोळी वाढत जाते; गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर तरी दुसरं काय देणार?

म्हणून चालू गोळी मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा: ही कशासाठी, किती दिवस, आणि सोबत थेरपी कुठे मिळेल? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची माहिती मागण्याचा हक्क रुग्णाला दिलाय. तो बजावा.