भिंतीवर न टांगता येणारा संग्रह

कलासंग्राहकाचे मोठेपण ठरवताना आपण बहुधा त्याच्या भिंतीकडे पाहतो. कोणाची चित्रे, किती आणि केव्हा घेतली, अशी यादी केली की काम भागते. फ्रान्सच्या मारी-लोर द नोआय (१९०२–१९७०) हिची यादी तर भरघोसच आहे. गोया, पिकासो, दाली, जाकोमेत्ती ही सारी नावे तिच्यात सापडतात. तरीही तिची खरी परीक्षा जिथे झाली, ती जागा या यादीत नाही. ती १९३० साली तिच्या घराच्या पैशातून तयार झालेल्या दोन चित्रपटांत आहे.

आधी थोडा तपशील. वडील मोरिस बिशोफ्सहाइम हे ज्यू बँकर. मुलगी तान्ही असतानाच ते वारले आणि अफाट संपत्ती तिच्या नावे झाली. आईकडून ती मार्क्वी द साद याची वंशज. आजी काउंटेस द शव्हिन्ये ही प्रूस्तच्या डचेस द गेर्मांतमागची एक प्रेरणा मानली जाते. १९२३ मध्ये व्हायकाउंट शार्ल द नोआय याच्याशी विवाह झाला. त्यानंतर दक्षिणेत इयेर येथे रोबेर माले-स्टीव्हन्सने आखलेला आधुनिक बंगला उभा राहिला. पॅरिसच्या वाड्यातील दिवाणखान्याच्या भिंती झां-मिशेल फ्रांकने चर्मपत्राने मढवल्या. पुढे तिने कादंबऱ्या लिहिल्या, चित्रेही काढली.

आता ते चित्रपट. पहिला लुई बुन्युएलचा 'लाज दॉर', म्हणजे 'सुवर्णयुग'. संगीत स्त्राव्हिन्स्कीने द्यावे, अशी नोआय यांची सूचना होती. बुन्युएलने ती नाकारली आणि तो विषय तिथेच संपला. सुमारे दहा लाख फ्रँक देणाऱ्याने एवढी माघार घ्यावी, ही साधी गोष्ट नव्हे. शिवाय चित्रपटात थट्टा कोणाची? एका मार्क्वीच्या मेजवानीची. स्वयंपाकघरात आग लागते, मजुरांची घोडागाडी थेट दिवाणखान्यातून जाते आणि पाहुण्यांना त्याचे काहीच वाटत नाही. शेवटच्या भागाला आधार आहे सादच्या ग्रंथाचा. त्याचे मूळ हस्तलिखित नोआय यांनीच १९२९ मध्ये मिळवले होते.

३ डिसेंबर १९३० रोजी पॅरिसच्या 'स्टुडिओ २८'मध्ये उजव्या, ज्यूद्वेष्ट्या संघटनांच्या लोकांनी पडद्यावर शाई फेकली आणि बाहेर मांडलेली दाली, मिरो, एर्न्स्ट यांची चित्रे फाडली. काही दिवसांतच बंदी आली. शार्लला जॉकी क्लब सोडावा लागला. चित्रपट मात्र जवळजवळ अर्धशतक सार्वजनिक प्रदर्शनाला मुकला.

दुसरा चित्रपट झां कॉक्तोचा 'एका कवीचे रक्त'. त्यात नाट्यगृहातील सज्जात बसून टाळ्या वाजवणाऱ्या उमरावांच्या भूमिका नोआय दांपत्याने आणि त्यांच्या मित्रांनी स्वतःच केल्या होत्या. या टाळ्या एका आत्महत्येला दिलेली दाद म्हणून जोडल्या जाणार आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते कळल्यावर आक्षेप आला आणि कॉक्तोला तो भाग दुसऱ्या नटांना घेऊन पुन्हा चित्रित करावा लागला. चित्रपट प्रदर्शित झाला तो १९३२च्या जानेवारीत.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे आश्रयदातृत्वाची सीमारेषा दिसते. आपल्या वर्गावरचे कोरडे या घराने पैसे मोजून सोसले. त्या वर्गाच्या जागी आपलाच चेहरा दिसू लागला तेव्हा मात्र हात आखडला. म्हणून सारा प्रकार श्रीमंतांची करमणूक होता, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. करमणुकीसाठी कोणी आपली प्रतिष्ठा पणाला लावत नाही. पण धाडसाचे निखळ श्रेयही देता येत नाही. क्लब गेला तरी वाडा राहिला, चित्रे राहिली. मुस्कटदाबी झाली ती कलाकृतीची. त्या वर्षानंतर चित्रपटांना असा पैसा या घरातून पुन्हा गेला नाही.

चित्र विकत घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत, हे आधी दिसते. कलाकृती निर्माण होण्यापूर्वीच पैसे देणाऱ्याला ते दिसत नाही. तो कलावंताला मोकळीक देतो आणि परिणामांना सामोरा जातो. मारी-लोरचे मोल ठरवायचे तर याच हिशेबाने ठरवावे. तसे केले तर ती निव्वळ दिवाणखान्याची राणी उरत नाही आणि कलेची निर्भय देवताही ठरत नाही. ती उरते एका वर्षापुरती, मर्यादित पण खरी जोखीम पत्करणारी बाई. मोठमोठ्या संग्राहकांच्या वाट्यालाही एवढे क्वचितच येते.