स्वस्तातली तारीख महाग का पडते?

ब्रिटनमध्ये रस्ता किंवा वसाहत बांधायची तर आधी जमिनीखाली काय दडलंय ते तपासावं लागतं, आणि खर्च बहुधा बांधणाऱ्याच्या खिशातून जातो. इंग्लंडमध्ये १९९० च्या 'पीपीजी १६' या नियोजन-मार्गदर्शिकेपासून ही पद्धत रुळली. उत्खनन कंपन्या टेंडर भरून काम घेतात. काटकसर सुरू झाली की नजर जाते रेडिओकार्बनच्या बिलावर, कारण एका सॅम्पलला काही शे पौंड लागतात.

काटकसर हवीच, पण ती नेमकी चुकीच्या जागी होते. अशा रिपोर्टांत वारंवार दिसणारा प्रकार बघा: एक खड्डा, कोळशाचा एक तुकडा, एक तारीख. पद्धत मोजते तो जीव किंवा लाकडाचं ते वलय मेल्यानंतरचा काळ. आपल्याला हवा असतो खड्डा भरल्याचा काळ. ओकच्या गाभ्यातलं लाकूड झाड तोडण्याआधी शेकडो वर्षं मेलेलं असू शकतं. जळलेला दाणा एका हंगामाचा असतो, पण जुन्या थरातून घसरून आलेला असू शकतो. सगळ्यात भरवशाची म्हणजे सांध्यात जोडलेली हाडं, कारण ती ताजी असतानाच पुरली गेलेली असतात. सॅम्पल चुकलं तर लॅब कितीही चांगली असो, पैसे पाण्यात.

दुसरी अडचण कॅलिब्रेशनची. साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात वक्र जवळजवळ सपाट आहे. लोहयुगातली एकटी तारीख तिथे चारशे वर्षांचा पट्टा हातात देते. तेवढं खापरंही सांगतात, मग खर्च कशाला? उलट खापरं नाहीत, वस्तू नाहीत, नुसता सांगाडा आहे, तिथे तीच एक तारीख सोन्याच्या मोलाची ठरते.

व्हिटल, हीली आणि बेलिस यांचं 'गॅदरिंग टाइम' (२०११) या संदर्भात जरूर वाचा. दक्षिण ब्रिटनमधली नवाश्मयुगीन खंदकवेढी त्यांनी थरांचा क्रम आणि शेकडो तारखा बेजियन मॉडेलमध्ये एकत्र घालून तपासली. ती इ.स.पू. अडतिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि काही तर एक-दोन पिढ्यांतच सोडून दिलेली दिसतात. इतिहास असा पिढ्यांच्या मापात वाचता येतो.

एवढ्या तारखा टेंडरमध्ये बसत नाहीत, हा आक्षेप खराच आहे. पण त्या संशोधनातली बरीच सॅम्पल्स जुन्या उत्खननांच्या संग्रहातून आली होती. म्हणजे हाडं आणि दाणे नीट नोंदवून जपणं ही डेटिंगमधली सगळ्यात स्वस्त गुंतवणूक आहे. शिवाय ऑक्सकॅल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि त्यात खोट्या तारखा घालून आधीच बघता येतं की किती सॅम्पल्सनी उत्तर किती नेमकं होईल.

तुम्ही प्रस्ताव लिहाल तेव्हा "१० तारखा" एवढंच लिहून थांबू नका. प्रत्येक सॅम्पलपुढे दोन ओळी लिहा: ते कुठल्या घटनेशी जोडलेलं आहे, आणि उत्तर आल्यावर तुमचं कुठलं मत बदलेल. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर ते सॅम्पल सध्या पिशवीतच राहू दे.