एन्व्हिवो आणि त्याचें अध्यापन : एक परीक्षण

मुलाखती, टिपणें, पत्रें, सभांचीं इतिवृत्तें इत्यादि अंकांत न मावणाऱ्या साधनांच्या अभ्यासासाठीं जीं सॉफ्टवेअरें निघालीं आहेत, त्यांत एन्व्हिवोचें नांव विशेष प्रचलित आहे. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र व शुश्रूषाशास्त्र या विषयांच्या प्रबंधांत "एन्व्हिवोच्या साह्यानें विश्लेषण केलें" हें वाक्य इतकें रूढ झालें आहे कीं, त्यापुढें प्रश्न विचारण्याची गरजच वाटेनाशी झाली आहे. जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकांनींहि हें साधन शिकावें काय, अशी पृच्छा होऊं लागली आहे. म्हणून त्याचें परीक्षण येथें योजिलें आहे.

साधनाची कुळकथा जाणल्यावांचून त्याचे गुणदोष नीट कळत नाहींत. १९८१ सालीं मेलबर्न येथील ला ट्रोब विद्यापीठांत टॉम रिचर्ड्स यांनीं आपल्या पत्नी, समाजशास्त्रज्ञा लिन रिचर्ड्स, यांच्या संशोधनांतील कागदांचा पसारा आवरावा या हेतूनें 'नडिस्ट' नांवाचा प्रोग्राम रचण्यास आरंभ केला. त्या आद्याक्षरी नांवाच्या पोटीं सूची, शोध व सिद्धांतरचना हीं तीन कार्यें होतीं. एन्व्हिवो हें त्याच घराण्यांतलें; तें १९९९ सालीं बाहेर आलें. जर्मनींतील मॅक्सक्यूडीए व अ‍ॅटलास टीआय हीं त्याचीं समकालीन भावंडें होत. सांगावयाचें तें इतकेंच कीं, हें साधन जन्मतः सूचीकाराचें आहे, भाष्यकाराचें नव्हे.

सूचीकार म्हणून तें उत्तम आहे, यांत संशय नाहीं. मजकुराचा उतारा निवडावा आणि त्यास एक नांव द्यावें. हें नांव म्हणजे कोड. (२०२० पूर्वीच्या आवृत्त्यांत यासच 'नोड' म्हणत, जुनीं मार्गदर्शकें चाळणारांनीं गोंधळूं नये.) आपल्या जुन्या चिठ्ठ्यांच्या पद्धतींत एक चिठ्ठी एकाच गठ्ठ्यांत जाते, दुसऱ्या विषयाखालीं ती हवी असल्यास पुन्हा नक्कल करावी लागते. येथें एकाच उताऱ्यास दहा कोड लावतां येतात, आणि कोडाखालीं जमलेल्या कोणत्याहि उताऱ्यावरून मूळ कागदांतील त्याच्या जागीं तत्काळ परततां येतें. हस्तलिखिताच्या छायाचित्राचा एखादा भागहि निवडून त्यास कोड लावतां येतो. अर्थात् मोडी वाचावयाची ती आपणच.

आमचा मुख्य आक्षेप साधनावर नसून तें शिकविण्याच्या रीतीवर आहे. प्रथम फाइली आंत घ्याव्या, मग कोड लावावे, मग शब्दमेघ काढावा, शेवटीं आलेख काढावा, असा हा कळा दाबण्याचा क्रम असतो. संध्याकाळपर्यंत विद्यार्थ्यापाशीं ऐंशी कोड जमतात, पण एकहि मुलाखत त्यानें दोनदां वाचलेली नसते. ग्लेझर व स्ट्राउस यांनीं १९६७ सालीं जी पद्धति मांडली, तींत उताऱ्याशीं उतारा सतत ताडून पाहणें व सुचलेला विचार लगेच टिपून ठेवणें, यांवर सारा भर होता. या टिपणासाठीं सॉफ्टवेअरांत 'मेमो' नांवाची स्वतंत्र जागा आहे. शिकवणींत मात्र ती बहुधा शेवटच्या पांच मिनिटांवर येते.

याचा परिणाम काय होतो तो पाहावा. समजा, १९७२ च्या दुष्काळासंबंधीं वृद्ध शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आहेत. एकजण खडी फोडण्याच्या कामावरील मजुरीविषयीं अर्धा तास बोलतो. दुसरा, "बैल विकले नाहींत, सोडून दिले," इतकेंच म्हणून गप्प बसतो. एन्व्हिवोंत कोड उघडला असतां प्रत्येक उताऱ्याशेजारीं व्याप्तीची टक्केवारी छापून येते. ती टक्केवारी म्हणजे त्या मुलाखतींतील एकूण अक्षरांपैकीं किती अक्षरें त्या कोडाखालीं गेलीं, याचें मोजमाप. पहिल्याची व्याप्ति भरघोस येते; दुसऱ्याची नगण्य. नवशिका विद्यार्थी हा आंकडा प्रबंधांत उतरतो आणि मजुरी हा "प्रमुख विषय" ठरवितो! बैल बाजारांत कां नेले नाहींत, हा प्रश्नच मग उद्भवत नाहीं. यंत्रानें खोटें सांगितलें नाहीं. त्यानें अक्षरें मोजलीं. कागद अखंड छापावा व अखंड वाचावा, हा आग्रह आमच्या वाचकांस नवा नाहीं. परंतु कोडाखालीं तुकडे गोळा झाले कीं तो किती सहज सुटतो, हें येथें दिसतें.

मराठी मजकुराच्या बाबतींत आणखी अडचण आहे. आपल्या भाषेचीं सामान्यरूपें ज्या यंत्रास ठाऊक नाहींत, त्याच्या मोजणींत 'दुष्काळ', 'दुष्काळांत' व 'दुष्काळाच्या' हे तीन निराळे शब्द ठरतात. शिवाय बोलणारा दुष्काळ हा शब्द उच्चारीलच असें नाहीं. तो 'बहात्तर साल' म्हणेल, किंवा 'तें साल' एवढेंच म्हणेल. शोधाची कळ दाबून मिळालेली यादी ही संपूर्ण यादी समजूं नये. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर तर त्या फॉन्टावांचून रोमी अक्षरांचा चिवडा दिसतो. तो आधीं रूपांतरित करून मुळाशीं ताडून पाहिल्यावांचून त्यास हात लावूं नये.

२०२३ सालीं अ‍ॅटलास टीआयनें यंत्राकडूनच कोड लावून घेण्याची सोय केली, व इतरांनींहि तोच मार्ग धरला. ज्यानें वाचलेंच नाहीं त्याचे कोड वाचून संशोधक काय ठरविणार, हें आम्हांस समजत नाहीं.

संग्राहकांच्या दृष्टीनें महत्त्वाची एक गोष्ट राहिली. नव्या आवृत्तींत रूपांतरित केलेला प्रकल्प जुन्या आवृत्तींत उघडत नाहीं, आणि परवाना संपला कीं आपलेच कोड आपणांस दुर्मिळ होतात. यावर उपाय म्हणून २०१९ सालीं रेफी-क्यूडीए हें समाईक विनिमयस्वरूप ठरलें. प्रमुख सॉफ्टवेअरें तें स्वीकारतात. वर्षांतून एकदां तरी प्रकल्पाची प्रत त्या स्वरूपांत काढून मूळ मजकुराशेजारीं ठेवावी, आणि कोडांची यादी त्यांच्या व्याख्यांसह कागदावर छापून घ्यावी. ज्यांस नुसता आरंभ करून पाहावयाचा आहे, त्यांस टॅगेट हें विनामूल्य साधन पहिल्या दहा मुलाखतींपुरतें पुरेसें आहे.