पक्षी घटले, की अंगणात यायचे थांबले?

सामान्य लोकांनी गोळा केलेल्या डेटावरचा एक तरी पेपर संशोधनाला लागण्याआधी नीट वाचा. माझी शिफारस: बॉन्टर आणि हार्वे, 'द कॉन्डॉर', 2008. पक्षी आहे इव्हनिंग ग्रोसबीक, उत्तर अमेरिकेतला जाड चोचीचा पिवळा-काळा फिंच.

डेटा 'प्रोजेक्ट फीडरवॉच'चा. हिवाळ्यात लोक घरामागे सूर्यफुलाच्या बिया ठेवतात आणि आलेले पक्षी मोजून कळवतात. नियम साधा आहे. सलग दोन दिवस बघायचं आणि प्रत्येक जातीची एकाच वेळी दिसलेली जास्तीत जास्त संख्या लिहायची. सकाळी चार, दुपारी सहा दिसले तर सहा लिहायचे. दहा नाही, कारण तेच पक्षी परत आलेले असू शकतात. म्हणजे हा आकडा निर्देशांक आहे, खानेसुमारी नाही.

अडचण अशी की हे फिंच लहरी. उत्तरेच्या जंगलात बिया भरपूर असतील तर ते खाली येतच नाहीत. मग 'दिसले नाहीत' यावरून 'घटले' असं कसं म्हणायचं?

लेखकांनी दोन मापं घेतली: किती ठिकाणी पक्षी दिसले, आणि दिसले तिथे थवा केवढा होता. 1988 ते 2006 मध्ये ठिकाणं निम्म्यावर आली, थवा 27 टक्क्यांनी लहान झाला. एखाद-दुसऱ्या हिवाळ्याची लहर इतकी वर्षं एकाच दिशेने चालत नाही. इथे पेपर भक्कम आहे.

आता माझे आक्षेप.

पहिला, सुरुवातीचं वर्ष. 1970 च्या दशकात पूर्व कॅनडात स्प्रूस बडवर्म अळीचा मोठा उद्रेक झाला होता, आणि ग्रोसबीक ही अळी आवडीने खातात. तेव्हा फुगलेली संख्या ओसरत असताना मोजणी सुरू झाली असेल, तर घटीचा काही भाग 'पूर्वपदावर येणं' असू शकतो.

दुसरा, जागा. फीडर माणसांच्या वस्तीत असतात. निर्जन जंगलात थांबलेला पक्षी या डेटात येणारच नाही. म्हणून उन्हाळ्यात होणाऱ्या ब्रीडिंग बर्ड सर्व्हेसारख्या वेगळ्या पद्धतीच्या नोंदींशी ताळा हवाच.

तिसरा आक्षेप मी स्वतःच मागे घेतला. काही लोक पक्षी आले तरच नोंद करतात, शून्य लिहायचा कंटाळा करतात. पूर्वग्रह आहेच. पण ही सवय दरवर्षी सारखीच असेल, तर तिच्यामुळे आकडे चुकतील, खोटी घट दिसणार नाही. त्यासाठी सवयच वर्षागणिक बदलावी लागेल.

हा फरक लक्षात ठेवा. 'डेटात बायस आहे' एवढं म्हणून समीक्षा होत नाही. तो बायस निष्कर्षाच्या दिशेने ढकलतो का, आणि काळानुसार बदलतो का, हे सांगता आलं पाहिजे. व्हायवामध्येही प्रश्न तोच येतो.