आंबेडाळीचा कण

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेल्यावर कौतुक होतं ते पन्ह्याचं. मी आधी डाळीची वाटी उचलते आणि चमचा घालण्यापूर्वी तिच्याकडे नीट बघते. चांगली आंबेडाळ नजरेलाच कळते. ती वाटीत मोकळी बसलेली असते, कडेला पाणी सुटलेलं नसतं आणि कण न् कण वेगळा दिसतो.

सामान म्हणाल तर डब्यातली हरभऱ्याची डाळ, मीठ, साखर, हिंग, मोहरी. बाजारातून आणायची ती कैरी, मिरच्या आणि कोथिंबीर. डाळ शिजवायची नाहीच. याच डाळीची अनंत चतुर्दशीला वाटली डाळ होते, पण ती फोडणीवर परतून, वाफ देऊन. वाटताना काही बिघडलं असलं तर तिथे वाफ सांभाळून घेते. आंबेडाळीत ती सोय नाही. डाळ कशी भिजली आणि कशी वाटली, ते जिभेला लगेच समजतं.

भिजायला चार-पाच तास पुरेत. दाणा नखानं तुटावा, पण चिमटीत त्याचं पीठ होऊ नये. रात्रभर पाण्यात राहिली की चैत्राच्या उकाड्यात डाळीला आंबूस वास धरतो आणि मग कैरीही तो झाकू शकत नाही. निथळणं बहुतेकजण उरकून टाकतात. खरं तर सगळा मोकळेपणा तिथूनच येतो. रोळीत अर्धा तास ठेवलेली डाळ पाण्याच्या थेंबाशिवाय वाटली जाते. ओली घातली की पात्याखाली चिखल. मिरच्या आणि मीठ घालून मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. एखादी अर्धी डाळ शाबूत राहिली तर राहू द्यावी. ती दाताखाली कचकन फुटते आणि कच्च्या डाळीची गोडसर, जराशी हिरवट चव तेव्हाच हाती लागते. गुळगुळीत वाटलेली आंबेडाळ माझ्या लेखी चटणीच. ती पानात डावीकडे वाढावी, वाटीत नको.

वाटीभर डाळीला अर्धी वाटी कैरीचा कीस धरून चालावं, पण कैरी चाखल्याशिवाय घालू नये; तोतापुरी मवाळ, गावठी तोंड वाकडं करायला लावणारी. कीस डाळीबरोबर वाटायचा नाही, शेवटी कालवायचा. मग एका घासात आंबट पुढे येतं, दुसऱ्यात डाळ. साखर चिमूटभर. हळद, हिंग, सुक्या मिरच्यांची फोडणी गार करून वर ओतायची, नाहीतर कीस मऊ पडतो. हिंगाला मात्र हात आखडू नये, कच्ची डाळ पोटाला जडच.

हल्ली जिमच्या वाटेवर प्रोटीन सॅलडचे डबे विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, 100 ग्रॅम कोरड्या हरभरा डाळीत प्रथिनं 20 ग्रॅमच्या आसपास असतात आणि कैरीतलं क जीवनसत्त्व डाळीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. तरी कच्ची डाळ ती जडच, म्हणून हळदीकुंकवाला आंबेडाळ लहान वाटीतच देतात, ते योग्यच आहे.

केली त्या दिवशीच संपवावी. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलेल्या आंबेडाळीला पाणी सुटतं. उरलीच तर त्यात कांदा घालून सरळ डाळवडे तळावेत.