लहान द्वीपराष्ट्रांतील वित्तसंस्था : मॉरिशस आणि नाउरू

लहान द्वीपराष्ट्रांच्या वित्तसंस्थांचे विवेचन करताना राष्ट्राचा लहानपणा हेच त्यांच्या दुबळेपणाचे मूळ मानण्याची प्रवृत्ती वारंवार आढळते. थोडी लोकसंख्या, एकाच निर्यातमालावर भिस्त आणि दूरच्या बाजारपेठा अशी ही कारणमालिका असते. ती खोटी नाही. परंतु पुरेशी आहे काय, हा प्रश्न मॉरिशस आणि नाउरू यांच्या तुलनेतून उपस्थित होतो.

दोन्ही देश १९६८ साली स्वतंत्र झाले. एकाची मदार साखरेवर, दुसऱ्याची फॉस्फेटवर. मॉरिशसच्या भवितव्याविषयी जेम्स मीड यांच्या १९६१ च्या अहवालाने चिंता व्यक्त केली होती; उलट नाउरूचे दरडोई उत्पन्न पुढील दशकात जगातील अत्युच्च उत्पन्नांत गणले गेले. भांडवलाची उणीव नाउरूला नव्हती.

उणीव होती ती अंतराची. मॉरिशसमध्ये संस्था राज्याहून जुन्या होत्या. मॉरिशस कमर्शियल बँक १८३८ मध्ये निघाली. लहान ऊसउत्पादकांसाठी सहकारी पतसंस्थांचा कायदा १९१३ मध्ये झाला. मध्यवर्ती बँक १९६७ मध्ये स्थापन झाली. कर्ज देणारा, घेणारा आणि त्यांवर देखरेख करणारा हे तिघे निराळे राहिले. नाउरूमध्ये फॉस्फेटचा विश्वस्त निधी, १९७६ ची बँक ऑफ नाउरू आणि शासन यांच्यात असे अंतर उरले नाही. निधी खर्ची पडला, मेलबर्नमधील नाउरू हाउस २००४ मध्ये विकावे लागले आणि सामान्य ठेवीदारांच्या ठेवी बँकेत अडकल्या.

याचा अर्थ मॉरिशस निर्दोष ठरतो, असा नव्हे. नाउरूने १९९० नंतरच्या दशकात केवळ कागदोपत्री असलेल्या परकीय बँकांना परवाने विकले, तर मॉरिशसने १९८२ च्या भारताबरोबरील करकराराच्या आधारे भांडवली नफ्यावरील करमुक्तीचे आकर्षण निर्माण केले. सार्वभौमत्वाचे विक्रेय वस्तूत रूपांतर दोघांनीही केले. त्याची झीज भारतीय कोषागारालाही सोसावी लागली. २०१६ मध्ये करार सुधारला गेला. मात्र मॉरिशसमध्ये हा व्यवहार मुरलेल्या स्थानिक बँकव्यवस्थेला जोडला गेला होता. म्हणून तो आटला तरी ठेवीदार बुडाला नाही.

मॉरिशस आकाराने नाउरूच्या जवळजवळ शंभरपट असल्याने ही तुलनाच विषम आहे, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर नाउरूच्याच इतिहासात आहे. २०१५ मध्ये तेथे नवा निधी स्थापन झाला, त्याच्या कारभारात बाहेरील देणगीदारांचे प्रतिनिधी बसले आणि रक्कम काढण्यावर बंधने आली. बेट तेच, एकवीस चौरस किलोमीटरचे. बदलली ती नियंत्रणाची रीत. या निधीचे यशापयश काळ ठरवील. परंतु लहानपणा हे संकटाचे निमित्त असू शकते, त्याचे समर्थन नव्हे, एवढे या तुलनेवरून निश्चित म्हणता येते.