डोंगरीचे दिवस आणि बर्व्यांची बाजू

'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हें गोपाळ गणेश आगरकरांचें लहानसें पुस्तक वाचक बहुधा तुरुंगाची हकीकत म्हणून वाचतो, आणि तशी ती रसाळ आहेहि. टिळक-आगरकरांचा रात्रीचा वाद इतका चढे कीं पहारेकऱ्यांस दटावावें लागे, हें वाचतांना हंसूं येतें. पण हे दोघे १८८२ सालीं तेथें गेले कां, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांच्या छळाचा दोष 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं दिवाण माधवराव बर्वे यांच्या माथीं मारला. ज्या पत्रांचा आधार घेतला तीं बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली. तरीहि चार महिन्यांची शिक्षा झालीच.

महाराजांविषयींचा कळवळा खोटा नव्हता. पुढच्याच वर्षीं ते अहमदनगरास गोऱ्या रखवालदाराशीं झालेल्या झटापटींत मरण पावले. परंतु त्यामुळें तीं पत्रें खरीं ठरत नाहींत. दिवाणाच्या कारभारावर कितीहि कठोर टीका करावी, तो पत्रकर्त्याचा हक्कच आहे. त्याच्यावर घोर गुन्ह्याचा आरोप छापण्यापूर्वीं हस्ताक्षर कोणाचें एवढें पाहणें, हें मात्र बर्व्यांचें देणें होतें. सुटकेच्या दिवशीं संपादकांचा जयजयकार झाला. बर्व्यांच्या अब्रूची (आमच्या वाङ्मयेतिहासांतून तरी) फारशी विचारपूस झालेली दिसत नाहीं.

या पुस्तकाची जी आवृत्ति पुढें निघेल, तिच्या आरंभींच खटल्याची साधार हकीकत असावी. नाहीं तर नव्या वाचकास बर्वे केवळ खलपुरुष म्हणूनच भेटतील.